मेंढीच्या जंतावर झाडपाल्याचा अर्क: बनवायचा कसा, पाजायचा कसा आणि लागू पडला की नाही ते बघायचं कसं

मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हळूच खाली ओढून बघा. आतलं कातडं लाल असेल तर आज तिला काहीच देऊ नका, बाटलीतलं पण नाही आणि झाडाचं पण नाही. फिकट गुलाबी असेल तर तिच्यावर नजर ठेवा. आणि पांढरं पडलं असेल, तर पुढचं वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना बोलवा आणि खात्रीचं जंतनाशक द्या, कारण अशा मेंढीकडे अर्काचा प्रयोग सोसायला वेळच शिल्लक नसतो. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण ही चूक माझ्या हातून झालीय. पांढऱ्या पापणीची एक मेंढी होती, जबड्याखाली पाणी उतरलेलं, आणि मी तिला तीन दिवस काढा पाजत राहिलो, चौथ्या दिवशी ती उठली नाही. काढ्यात दोष नव्हता, पण तो तिच्यासाठी नव्हता हे मला कळायला हवं होतं.

मग अर्क कुणासाठी? ज्या मेंढ्या चालत्याफिरत्या आहेत, चरतायत, पण पापणी जरा उतरलीय, लेंड्यांत अंडी मध्यम प्रमाणात निघतायत, त्यांच्यासाठी. कळपातला जंतांचा भार खाली ठेवायला, आणि केमिकल औषध दर महिन्याला सगळ्या कळपाला पाजायची सवय मोडायला. इतकंच काम त्याच्याकडून घ्या, ते पण कमी नाहीये.

आधी कोणता जंत आहे ते बघा

जंत म्हटलं की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो आणि झाडपाल्याच्या बाबतीत तिथेच गडबड होते. मेंढीला सगळ्यात जास्त मारणारा म्हणजे हिमोंकस, चौथ्या पोटात राहतो, दोनतीन सेंटिमीटर लांब, आणि मादीच्या अंगावर लाल-पांढरे पीळ दिसतात कारण रक्ताने भरलेलं आतडं आणि पांढरी अंडाशयं एकमेकांभोवती वळलेली असतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण पोटात २००० जंत असतील तर दिवसाला १०० मिली झालं, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात रक्तच मुळात दोन लिटरच्या आसपास असतं, म्हणजे किती दिवस टिकेल तुम्हीच हिशोब करा. एक मादी दिवसाला ५००० च्या वर अंडी टाकते. उबदार आणि ओल्या हवेत आठवडाभरात त्या अंड्यांतून गवतावर चढणारी, पोटात जाऊन बसणारी अळी तयार होते, मेंढी ती गवताबरोबर खाते आणि तिथून साधारण तीन आठवड्यांत तिच्या लेंडीतून परत अंडी सुरू. पाऊसकाळात कळप एकाएकी का ढासळतो त्याचं कारण हेच.

हिमोंकसमध्ये हगवण बहुतेक वेळा नसते, हे लक्षात ठेवा, कारण बरेच जण "लेंड्या घट्ट आहेत म्हणजे जंत नाहीत" असं धरून चालतात. हगवण लावणारे वेगळे, ट्रायकोस्ट्राँगायलस वगैरे, ते लहान आतड्यात असतात. पट्टकृमी म्हणजे लेंडीवर तांदळासारखे तुकडे दिसतात ते, दिसायला भयंकर पण मोठ्या मेंढीला त्याचा त्रास मानाने कमी. आणि यकृतातला पानासारखा चपटा कृमी, जो पाणथळ जागेतल्या गोगलगायीतून येतो, त्याची गोष्टच निराळी. चौथ्या पोटातल्या जंतावर चालणारा अर्क यकृतापर्यंत पोचेल असं धरू नका.

पापणी बघायची ही रीत दक्षिण आफ्रिकेत पद्धतशीर बसवली गेली, तिला फमाचा म्हणतात, फाफा मालन नावाच्या पशुवैद्यांच्या नावावरून. त्याचं ५ रंगांचं कार्ड असतं, १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरं. १ आणि २ ला औषध नाही, ४ आणि ५ ला ताबडतोब औषध, ३ वाल्याचं अवस्था बघून ठरवायचं. अर्काची जागा ह्या ३ मध्येच आहे, फार तर २ मधून घसरायला लागलेल्यांत. पण कार्ड फक्त रक्त पिणाऱ्या जंतांचं सांगतं, हगवणवाल्यांचं नाही.

हा खटाटोप करायचाच कशाला

कारण औषधं झिजत चाललीयत. थायबेंडाझोल १९६१ मध्ये आलं आणि तीनेक वर्षांतच मेंढ्यांच्या हिमोंकसवर ते चालेनासं झाल्याची नोंद झाली. नंतर लेव्हामिझोल आलं, ८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन आलं, २००९ मध्ये मोनेपँटेल आलं, आणि प्रत्येकाच्या मागे थोड्या वर्षांनी तीच गोष्ट. जंताची पिढी तीनचार आठवड्यांची, अंडी हजारोंनी, त्यात दोनचार जरी औषधाला न मरणारे निघाले आणि आपण सगळ्या कळपाला एकदम पाजलं तर मागे उरतात ते नेमके तेच. म्हणून हल्ली म्हणतात की काही मेंढ्या मुद्दाम बिनऔषधाच्या ठेवा, म्हणजे औषधाला बळी पडणारे साधे जंत पण कुरणात शिल्लक राहतील आणि चिवट जंतांचं बियाणं पातळ होत राहील. अर्क ह्या हिशोबात मदत करतो, केमिकलची एक खेप वाचली तरी ते औषध पुढे जास्त वर्षं चालतं.

पण एक गैरसमज इथेच काढून टाका. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं नसतं. झाडातलं जे द्रव्य जंताला मारतं ते द्रव्य विषच आहे, फक्त मात्रेचा फरक. पूर्वी मेंढ्यांना तंबाखूतलं निकोटिन आणि मोरचूद एकत्र करून पाजायचे, जंत पडायचे, आणि मात्रा चुकली की मेंढ्या पण मरायच्या. मेल फर्न नावाच्या नेच्याचा अर्क यकृतकृमीवर वापरात होता, तो नेचा पोटात जाऊन जनावरं आंधळी झाल्याचं नोंदलेलं आहे. म्हणून वजन, मात्रा, तारीख हे सगळं झाडाच्या औषधाला पण तितकंच लागतं.

कोणती झाडं, आणि कुणावर किती विश्वास

पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, ह्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे कारण त्याची मेंढ्यांवरच चाचणी झालीय. नैसर्गिकरीत्या जंत झालेल्या मेंढ्यांना बियांची साधी पूड वजनाच्या किलोमागे १, २ आणि ३ ग्रॅम अशी एकदाच पाजली, आणि ३ ग्रॅमवाल्या मेंढ्यांत दहाव्या दिवशी लेंडीतली अंडी ७८.४ टक्क्यांनी उतरली. त्याच चाचणीत लेव्हामिझोलने ९९.१ टक्के उतरवली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवूनच बघा. ७८ टक्के म्हणजे काम होतंय, पण दर शंभरातली वीसेक अंडी तशीच राहतायत, म्हणून मरायला टेकलेल्या मेंढीला ते पुरणार नाही आणि बऱ्या मेंढीला ते पुष्कळ आहे. पुडीतलं मुख्य द्रव्य पॅलासोनिन. आणि ३० किलोच्या मेंढीला ३ ग्रॅमने ९० ग्रॅम पूड होते, चिमूटभर नव्हे. चमचाभर पाजून "काही उपयोग झाला नाही" म्हणणारे बरेच भेटतात, त्यांनी मात्रेच्या दहाव्या हिश्श्याएवढं पण दिलेलं नसतं.

टॅनिनवाली झाडं दुसरी (टॅनिन म्हणजे झाडातलं तुरट द्रव्य), बाभळीच्या जातीची, आणि चाऱ्यातली लेस्पेडेझा, सेनफॉइन ही. ह्यांचं काम पाजण्यापेक्षा चारण्यात जास्त आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

पपईचा चीक. ह्यात पपेन आणि त्याच्या जातीची प्रथिनं पचवणारी द्रव्यं असतात आणि ती जंताची बाहेरची कातडीच विरघळवतात, म्हणजे बाकीच्या औषधांसारखी नसांवर काम करत नाहीत, त्यामुळे औषधाला चिवट झालेला जंत पण ह्यातून सुटायला नको. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत हिमोंकसवर ह्याचा चांगला परिणाम दिसलाय. पण ते मोजून घेतलेल्या शुद्ध द्रव्यावर होतं. घरी काढलेल्या चिकाची ताकद फळाच्या वयाप्रमाणे, हवेप्रमाणे बदलते, आणि तो कातडीला आणि डोळ्याला भाजतो, मेंढीच्या घशाला पण. मी तो स्वतः काढून पाजायचा सल्ला देणार नाही. आणि कुणी पपईच्या बिया सांगितल्या तर ती वेगळी गोष्ट, बिया आणि लसूण हे दोन्ही कोकरांवर आणि शेळ्यांवर तपासून झालेत आणि जंत काही आटोक्यात आले नाहीत. लसणाबद्दल इतकं सगळीकडे लिहिलेलं असतं की वाईट वाटतं, लोक विश्वासाने आठवडे घालवतात आणि तेवढ्यात कोकरू जातं.

कडुनिंब, ह्याचे निकाल दोन्हीकडचे आहेत. काही ठिकाणी ताज्या पाल्याने थोडा फरक पडला, वाळलेल्या पाल्याने मेंढ्यांत काहीच न झाल्याच्या चाचण्या पण आहेत. पाला खाऊ घाला, हरकत नाही, पण जंताचं औषध म्हणून त्यावर विसंबू नका. वावडिंग माणसांच्या जंतावर फार जुनं, पण मेंढीसाठी पक्की मात्रा मी तरी सांगणार नाही. डाळिंबाच्या मुळाच्या सालीचं पण तसंच, त्यातलं पेलेटिअरिन पट्टकृमीवर चालतं म्हणून जुन्या वैद्यकात होतं, मात्रा वाढली की जनावराला बाधतं.

आणि ज्यांना हातच लावायचा नाही ते म्हणजे कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया. सीताफळाच्या बिया पण नको, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, पूड करणाऱ्याच्या सुद्धा. रुईच्या फुलांवर मेंढ्यांत चाचण्या झाल्यात आणि अंडी उतरलीत हे खरंय, पण रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, घरच्या अंदाजाने तिचा खेळ करू नका. मोरचुदाचं तर नावच काढू नका, मेंढी तांब्याच्या बाबतीत बाकी जनावरांपेक्षा खूप नाजूक असते, ते यकृतात साठत राहतं आणि एक दिवस एकदम लघवी तांबडी होऊन जनावर कोसळतं.

प्रयोगशाळेतलं यश आणि पोटातलं यश

काचेच्या बशीत अर्क टाकला आणि जंत मेला, अशा बातम्या रोज येतात. बशीत जंत थेट अर्कात बुडालेला असतो. मेंढीत तोच अर्क आधी कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात पडतो, तिथे कित्येक लिटर पाणी-चारा, त्यात तो पातळ होतो, वरून तिथले कोट्यवधी सूक्ष्मजीव त्याला फोडतात, आणि मग उरलेला चौथ्या पोटात पोचतो. बशीत जे जिंकतं त्यातलं बरंचसं इथे हरतं. म्हणून कोणाचंही काहीही ऐकताना एकच विचारा, मेंढीत बघितलं का, आणि लेंडीतली अंडी मोजली का.

पूड आणि काढा बनवायची पद्धत

पळसाच्या शेंगा चपट्या कागदासारख्या असतात, टोकाला एकच बी. पूर्ण पिकून वाळलेल्या शेंगांतलंच बी घ्या, झाडाखाली पावसात भिजून पडलेलं नको, त्याला बुरशी लागते आणि बुरशीचं विष जंतापेक्षा वाईट. बी सावलीत चांगलं वाळवा, दाताखाली कडक तुटेल इतकं, मग दळून बारीक चाळणीने चाळा. जाडसर राहिली तर ड्रेंचिंग गनची, म्हणजे घशात औषध पाजायच्या पिचकारीची नळी तुंबते. कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. दोन वेगवेगळ्या झाडांचं बी एकत्र केलंत तर निदान एकाच वेळी दळलेली पूड एकाच चाचणीत वापरा, कारण ताकद झाडागणिक बदलते आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही.

सालीचा किंवा पाल्याचा काढा करायचा असेल तर वाळलेला माल १ भाग आणि पाणी १० भाग, म्हणजे १०० ग्रॅमला १ लिटर, ठेचून रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी मंद आचेवर निम्मा आटवायचा, कापडाने गाळायचा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी कढईत टॅनिनचा काढा केला की तो काळाशार होतो, ते लोखंडाशी जुळून बसतं आणि मग मेंढीच्या पोटात करायला फार काही उरत नाही, हे माझ्या पहिल्या दोन खेपांना झालं आणि मला वाटत राहिलं रंग गडद म्हणजे काढा कडक. आणि उलट जी द्रव्यं उष्णतेने मरतात, पपेनसारखी, त्यांना उकळायचं नसतंच. उन्हात वाळवण्यापेक्षा सावलीत वाळवणं केव्हाही बरं.

पाण्यातला काढा टिकत नाही. उबदार हवेत एका दिवसात आंबायला लागतो, म्हणून लागेल तेवढाच करा आणि त्याच दिवशी संपवा. स्पिरिटमध्ये काढलेले अर्क लॅबमध्ये जास्त ताकदवान निघतात, पण ते द्रावण पूर्ण उडवल्याशिवाय जनावराला देता येत नाही आणि मेथॅनॉल तर विष आहे, त्यामुळे घरी पाणी आणि पूड ह्यापलीकडे जाऊ नका.

पाजणं

आधी वजन. डोळ्याने वजन सांगणारे बहुतेक वेळा कमीच सांगतात आणि मात्रा कमी पडते. लटकवायचा काटा असेल तर उत्तम, नसेल तर निदान कळपातली एक हलकी, एक मध्यम, एक जड अशा तीन मेंढ्या कुठेतरी तोलून आणा म्हणजे अंदाज बसतो.

पहिल्यांदा तीनचार मेंढ्यांनाच द्या, धडधाकट असलेल्यांना, पळसपापडी असेल तर किलोमागे १ ग्रॅमने. दोन दिवस बघा, चारा सोडला का, रवंथ थांबलं का, पोट फुगलं का, लाळ गळते का, तोल जातो का. काही नाही झालं तर मग पुढची मात्रा. पशुवैद्यांना आधी सांगून ठेवा की मी हे हे देतोय, काही झालंच तर त्यांना कारण शोधत बसावं लागणार नाही. गाभण मेंढ्यांना, माजावर येणार असलेल्यांना आणि पैदाशीच्या मेंढ्याला पळसपापडी नको, कारण ह्या बियांचा गर्भधारणेवर परिणाम होतो असं जनावरांच्या अभ्यासांत दिसलंय. दूध पिणाऱ्या लहान कोकरांना पण नको.

९० ग्रॅम पूड एकदम कोरडी घशात घालायची नाही. कोमट पाण्यात पातळ घोळ करा, इतका पातळ की गनमधून सहज येईल, आणि लागलं तर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा अर्धा अर्धा द्या. मेंढीचं डोकं आडवं, नाक जमिनीला जवळपास समांतर. हनुवटी वर उचलून, मान ताणून पाजायची सवय बऱ्याच जणांना असते आणि त्यातच घोळ श्वासनलिकेत जातो, दोन दिवसांनी मेंढी न्यूमोनियाने खोकायला लागते आणि दोष अर्काला मिळतो. नळी ओठाच्या कोपऱ्यातून, दातांच्या फटीतून, जिभेच्या मागच्या भागावर, आणि सावकाश दाबायचं, तिला गिळू द्यायचं, खोकली की लगेच थांबून डोकं सोडायचं. घाई असेल त्या दिवशी पाजूच नका.

टॅनिन चारणं, ह्याकडे जास्त लक्ष द्या

मला विचाराल तर झाडपाल्याचा खरा फायदा इथे आहे. पाजलेला अर्क एकदा येऊन जातो, पण टॅनिनचा चारा आठवडे आठवडे रोज पोटात असतो. टॅनिन दोन बाजूंनी काम करतं. एक तर थेट, गिळलेल्या अळीला पोटात बसण्याआधी आपलं वरचं आवरण सोडावं लागतं, टॅनिन ते सुटूच देत नाही, आणि बसलेल्या माद्यांची अंडी घालायची ताकद कमी करतं. दुसरं आडवळणाने, चाऱ्यातली प्रथिनं कोठीपोटात फुकट फुटण्यापासून वाचवून पुढे आतड्यात पोचवतं, आणि प्रथिनं नीट मिळालेली मेंढी जंताशी स्वतःच लढते, गेलेलं रक्त भरून काढते. हे दुसरं लोक विसरतात. जंताच्या काळात खुराकात पेंड थोडी वाढवली तरी फरक दिसतो, कुठलाही अर्क न देता.

पण टॅनिनला मर्यादा आहे. एकूण सुक्या चाऱ्यात २ ते ४ टक्के टॅनिन बसलं तर ठीक, ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की मेंढी कमी खायला लागते, वजन उतरतं, आणि जंत घालवायच्या नादात मेंढीच घालवतो. दिवसाला १ किलो सुका चारा खाणाऱ्या मेंढीला हे २० ते ४० ग्रॅम टॅनिन होतं. पाल्यात आणि शेंगांत ते किती आहे ते झाडावर, वयावर, ऋतूवर अवलंबून, त्यामुळे एकदा तरी चारा तपासून घेता आला तर घ्या, नाहीतर एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याच्या खाली ठेवून सुरू करा आणि मेंढी पोटभर खाते का ते बघत बघत वाढवा. पहिले चारपाच दिवस ती तोंड फिरवेल, तुरट असतं ना, मग सवय होते. दोनतीन आठवडे सलग चारा आणि मग तेवढाच खंड.

आणि टॅनिन म्हणजे सगळीकडे एकच असं पण नाही. क्वेब्राको नावाच्या झाडाचा अर्क मेंढ्यांना दिला तेव्हा लहान आतड्यातले जंत कमी झाले आणि चौथ्या पोटातल्या हिमोंकसला काही झालं नाही. लेस्पेडेझाने मात्र हिमोंकसची अंडी उतरवली. म्हणून म्हणतोय, आधी जंत कोणता ते बघा.

लागू पडलं का, हे डोळ्याने ठरवू नका

पाजल्यावर लेंडीतून जंत पडताना दिसले नाहीत म्हणून निराश व्हायचं कारण नाही, हिमोंकस लेंडीत सहसा दिसत नाही. आणि मेंढी ताजीतवानी वाटली म्हणून खूश व्हायचं पण कारण नाही, त्या आठवड्यात चारा चांगला मिळाला असेल. अंडीच मोजावी लागतात. मायक्रोस्कोप आणि मॅकमास्टरची काचपट्टी एवढंच लागतं, गावोगावच्या तरुण पोरांना हे अर्ध्या दिवसात शिकता येतं. ताजी लेंडी थेट गुदद्वारातून हातमोज्याने घ्या, जमिनीवरची नको. ३ ग्रॅम लेंडी ४२ मिली मिठाच्या संपृक्त पाण्यात, म्हणजे मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकलेल्या पाण्यात, कालवून गाळायची, काचपट्टीचे दोन्ही कप्पे भरायचे, पाचेक मिनिटं थांबायचं म्हणजे अंडी तरंगून वर येतात. दोन्ही कप्प्यांतल्या रेघांच्या आतली अंडी मोजून बेरजेला ५० ने गुणा, ती एका ग्रॅमातली अंडी. यकृतकृमीचं अंडं जड असतं, ते मिठाच्या पाण्यात तरंगत नाही, त्याला तळाशी बसवायची पद्धत वेगळी. हे स्वतः जमत नसेल तर नमुने थंड ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय लॅबला द्या, उबेत राहिले तर अंडी फुटून अळ्या निघतात आणि आकडा चुकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कळपातल्या १० मेंढ्यांना अर्क द्या आणि तशाच १० ना देऊ नका, दोन्हींवर खुणा करा. पहिल्या दिवशी आणि मग १० ते १४ दिवसांच्या मध्ये दोन्ही गटांची अंडी मोजा. समजा अर्कवाल्यांची सरासरी १२०० वरून ३०० वर आली. तुम्ही म्हणाल ७५ टक्के उतरली. पण न दिलेल्यांची पण त्याच काळात १२०० वरून ६०० वर आली असेल, हवा कोरडी पडली म्हणून किंवा कुरण बदललं म्हणून, तर अर्काचं खरं काम ६०० वरून ३००, म्हणजे ५० टक्केच. हा दुसरा गट नसेल तर आपण स्वतःलाच फसवतो, आणि मी दोन वर्षं फसवून घेतलंय. दुसऱ्या गटातल्या कुणाची पापणी ४ वर गेली तर तिला लगेच खात्रीचं औषध द्यायचं आणि चाचणीतून काढायचं, आकड्यासाठी मेंढी पणाला लावायची नाही.

केमिकल औषधाने ९५ टक्क्यांच्या खाली घट आली तर तिथे चिवट जंतांचा संशय घेतात. अर्काला ही फूटपट्टी लावू नका, ६०-७० टक्के सातत्याने येत असेल तर तो अर्क ठेवण्यासारखा आहे. ३०-४० येत असेल तर सोडून द्या, कितीही जुना, कितीही ऐकीव मोठेपणा असला तरी.

कधी द्यायचं, आणि कुरणाचं काय

मेंढी विण्याच्या दोनेक आठवडे आधीपासून ते विल्यावर सहाआठ आठवडे तिच्या अंगातली जंताविरुद्धची ताकद उतरते आणि अंडी एकदम वाढतात, आणि तीच अंडी पुढे कोकरांच्या गवतात. ह्या काळात गाभण मेंढीला पळसपापडी देता येत नाही हे वर आलंच, म्हणून तेव्हा पेंड वाढवणं आणि जपून टॅनिनचा चारा हेच हाताशी उरतं. बाकी कळपाला अर्क द्यायची वेळ म्हणजे पाऊस लागल्यावर तीनेक आठवड्यांनी अंडी चढायला लागतात तेव्हा, कॅलेंडर बघून नाही, मोजून. त्या दिवसांत पापणी दर आठवड्याला बघा, एरवी पंधरा दिवसांनी चालतं.

अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या ५ सेंटिमीटरमध्ये असतात, म्हणून कुरण मुळापर्यंत खरडून खाऊ दिलंत तर पाजलेलं सगळं तीन आठवड्यांत परत. गवत चार बोटं उरलं की कळप हलवा. झाडाझुडपांचा पाला खायला मिळाला तर फार चांगलं, तोंड जमिनीपासून वर राहतं आणि टॅनिन पण मिळतं.

दूध आणि मांसाबद्दल, झाडाच्या अर्काला बाटलीवर छापतात तसा ठरवलेला वर्ज्य काळ नसतो, म्हणून अर्क दिलेलं जनावर लगेच कापायला देऊ नका आणि दूध काही दिवस वेगळं ठेवा, किती दिवस ते पशुवैद्यांना विचारून. आणि एक वही करा, मेंढीची खूण, वजन, पापणीचा नंबर, काय दिलं, किती ग्रॅम, पूड कोणत्या महिन्यातली, आधीची अंडी, नंतरची अंडी. एका ऋतूत वहीत दिसायला लागतं की काही मेंढ्यांना काहीच न देता पापणी लाल राहते आणि काहींची दर वेळी उतरते, पैदाशीला त्या पहिल्यांची कोकरं ठेवा.